केरबाशेठनी दिलेला पडदा

एका बाजाराच्या गावात हौसाबाई नावाची एक बाई राहत होती. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. लहानपणी शाळा राहिली ती राहिलीच. आता चाळिशीत तिनं दहावीचा फॉर्म भरला होता. गावच्या वाचनालयात एक कॉम्प्युटर होता, तो धडे मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यातला प्रोग्रॅम कुठल्या एका कंपनीचा नव्हता. देशोदेशीच्या माणसांनी मिळून तो केला होता आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला होता. हौसाबाई रोज दुपारी यायची, ऐकायची, पाठ करायची.

त्याच गावात केरबाशेठ नावाचे खताचे व्यापारी होते. परीक्षा जवळ आली तशी शेठना दया आली. जुना डबडा पडदा काढून त्यांनी कॉम्प्युटरला भला मोठा नवा पडदा बसवून दिला. आंधळ्या बाईला पडदा! पण विचारतो कोण? पडद्याला हार घातला, फोटो काढले, पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई येऊन बसली, तर कॉम्प्युटर मुका.

शेठ धावत आले. अक्षरं तर झकास दिसत होती. म्हणाले, "चालू आहे की!"

"तुम्हाला दिसतोय, शेठ. मला ऐकू येत नाही."

झालं, शेठचं डोकं फिरलं. त्यांनी स्पीकरला थापा मारल्या. "फुकटचं ते असंच असायचं," म्हणून त्या देशोदेशीच्या माणसांना शिव्या घातल्या. नवे स्पीकर आणले, तेही गप्प. मग वायरमनला बोलावून भिंतीवरचा बोर्ड बदलायला लावला. तिकडे दिवस चालले होते आणि भूगोलाचं पुस्तक अजून सुरूही झालं नव्हतं. हौसाबाई पायरीवर दात-ओठ खात बसून राहायची.

वाचनालय सांभाळणारे गुरवअण्णा भिडस्त माणूस. त्यांनी गुपचूप त्या प्रोग्रॅम करणाऱ्यांनाच लिहून विचारलं. शिव्या खाऊनही त्यांच्यातल्या एकानं नीट उत्तर धाडलं. अण्णांनी ते कॉम्प्युटरवर वाचलं, समोर उभ्या असलेल्या शेठकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

"मोठ्यानं वाचा की, अण्णा!" हौसाबाई कडाडली. "कॉम्प्युटर मुका झाला, आता तुम्हीही का?"

अण्णांनी भीत भीत वाचलं, "आवाज जायच्या आधी नवीन काय जोडलंत?"

"नवीन तेवढं एकच आहे," हौसाबाई म्हणाली, "आणि त्याच्या गळ्यात अजून हार आहे."

शेठ लालबुंद झाले. "माझ्या देणगीला खोट काढता? खबरदार कोणी वायरीला हात लावाल तर!"

कोणी लावला नाही. हौसाबाई मात्र उठली. चाचपत पुढं गेली. बोटांना हाराची वाळलेली फुलं लागली. त्यांच्यामागची वायर तिनं धरली आणि हिसक्यानं ओढली.

पडदा काळा झाला, आणि कॉम्प्युटर बोलू लागला.

आवाज कधी बंद पडलाच नव्हता. नवा पडदा जोडल्यापासून तो त्या वायरीतून पडद्यात जात होता, आणि पडद्याला स्पीकरच नव्हता. अण्णांनी वायर परत लावून आवाजाची वाट तेवढी स्पीकरकडे वळवली. कॉम्प्युटरच्या आवाजाच्या यादीत पडदा आणि स्पीकर अशी दोनच नावं होती, त्यातलं एक निवडायचं होतं.

"राहू दे पडदा," हौसाबाई म्हणाली. "मला त्याची काय अडचण? मला तो दिसतोय थोडाच!"

शेठ पाय आपटत निघून गेले.

निकाल लागला. हौसाबाई बाकी सगळ्यात पास झाली, भूगोलात तेवढी राहिली. ते ऐकून शेठ तिच्या दारात आले.

"आता काय आणलंत?" तिनं आतूनच विचारलं. आवाजातली धार गेली नव्हती.

"काही नाही. काय हवंय ते विचारायला आलोय."

हौसाबाईनं दार उघडलं. मग म्हणाली, "बसा. भूगोल काढा."

शेठनी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"हळू वाचा," ती खेकसली. "आणि ओळीओळीला खोकू नका."

तात्पर्य: मदत करण्याआधी काय हवं ते विचारावं; आणि काही बिघडलं तर जगावर ओरडण्याआधी, शेवटचा हात आपलाच तर लागला नव्हता ना, ते पाहावं.