भूपालचा खांबावरचा सूर

“तो सूर दुसऱ्यांना शिकवला, तर मग माझं काय उरेल, सर?”

भरदुपारी मैदानावर दुसरं कुणी नव्हतं. मंडळाचे जुने प्रशिक्षक मगदूम सर खुर्चीत बसले होते आणि भूपाल शेडबाळे त्यांच्यासमोर उभा होता. मी खो-खोचं मैदान आखायला चुन्याची फक्की मारत होतो, म्हणून ऐकलं. न ऐकल्याचं सोंग मला चांगलं जमतं.

भूपाल म्हणजे एके काळी राज्याच्या संघाचा हुकमी गडी. पळणारा खांबामागं निसटतोय म्हणेपर्यंत हा एका हातानं खांब धरून पलीकडं झेपावायचा, आणि पळणारा बाद. तसा सूर पुन्हा कुणाला जमला नाही. तो शिकवा म्हणून मंडळाच्या नव्या संघानं दोनदा विनवण्या केल्या. दोन्ही वेळा भूपालनं गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा ठणठणीत होता.

“गेल्या महिन्यात बिराजदार गेले,” भूपाल म्हणाला. “पाच वर्षं आपले कर्णधार. मैताला आम्ही चौघं. त्यातल्या एकानं मलाच विचारलं, हे काय करायचे?”

सरांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“तेव्हापासून भीती बसलीय, सर. जेवताना घास हातातच राहतो. परवा इथल्याच फाटकावर एकानं मला हटकलं. काका, कुणाकडं आलाय?”

मला हसू आलं नाही. मी रोज इथंच असतो, तरी मला कुणी तेवढंही विचारत नाही.

“म्हणून शिकवंना झालायस?”

“तेवढंच माझं आहे, सर. सगळ्यांना जमायला लागलं, की शेडबाळे कोण...”

“तुला कुणी शिकवला?”

“तुम्ही.”

“मला?”

भूपालनं नकारार्थी मान हलवली.

सरांनी खांबाकडं बघितलं.

“नाव आठवंना,” ते म्हणाले. “मिरजेचा होता. का कुरुंदवाडचा... तोंडसुद्धा आठवंना. खो देताना पाठीवर हात पडायचा. तेवढा आठवतोय.”

भूपालचा चेहरा पांढराफटक पडला. ज्याच्याकडं धीर मागायला आला, त्यानंच त्याची भीती खरी ठरवली होती. खरं सांगतो, माझी फक्कीची रेघ वाकडी गेली.

“तुम्हीसुद्धा विसरलात?” त्याचा आवाज चिरकला.

“चौकोनात बस,” सर म्हणाले.

“आता?”

“बस की.”

मी नुकत्याच आखलेल्या एका चौकोनात भूपाल बसला. वीस वर्षांची सवय ती. हात जमिनीला, एक पाय मागं, नजर समोर. सरांनी काठी खुर्चीला टेकवली आणि त्याच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले.

नुसतेच उभे राहिले.

बसलेल्याला मागचं काही दिसत नाही. भूपालच्या मानेवरून घाम ओघळायला लागला.

“सर?”

...

“सर, आहात ना?”

...

पाठीवर तळवा पडला. “खो!”

भूपाल उठला आणि उजवीकडं सुटला. वय विसरून चार पावलं जोरात पळाला. मग त्याच्या मनात काय आलं देव जाणे, तो थबकला आणि मागं वळला.

खो मिळाल्यावर धरलेली दिशा सोडायची नाही, हे शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. हा राज्याचा खेळाडू, आणि ही चूक!

खो देणारा बसतो, तसे त्यानं सोडलेल्या चौकोनात सर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुडघे दुमडून, विजारीला फक्की लागलेली. भूपालकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते समोरच्या रिकाम्या मैदानाकडं बघत होते.

“सर... तुमचे गुडघे...”

सरांनी मान वळवली नाही.

“फाऊल झाला, भूपाल. मागं काय बघतोस? पळणारा पुढं होता.”