याजकाच्या गोऱ्ह्याचे मांस

एकदा एक वृद्ध याजक होता आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा त्याचा एक शिष्य होता. शिष्याने गुरूकडे लक्ष द्यायचे असते, गुरूवर ठेवायचे नसते. पण हे त्या तरुणाला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी त्याने आधी सांगणाऱ्यावरच संशय घेतला असता.

गोष्ट प्राचीन इस्राएलातली आहे. एका डोंगरावर लहानसे पवित्रस्थान होते. अंगणात दगडी वेदी, आत पडदा, पडद्यापुढे तेलाचे दिवे. कुणाच्या हातून नकळत पाप घडले की तो माणूस शेळी किंवा मेंढी घेऊन तिथे येई. तिच्या डोक्यावर हात ठेवून आपले पाप बोलून दाखवी. मग वध होई, रक्त वेदीला लागे, चरबी अग्नीत जाई आणि उरलेले मांस याजक तिथेच अंगणात बसून खात. तो त्यांचा हक्कही होता आणि कर्तव्यही. मात्र जनावर निर्दोष हवे. लंगडे, कान फाटलेले, डोळ्यात फूल पडलेले जनावर देवाला चालत नसे. म्हणून वधाआधी याजक ते तपासून घेई आणि त्याच्या तोंडून ‘निर्दोष’ हा शब्द निघाला की मगच पुढचे सारे घडे.

द्राक्षांच्या खुडणीच्या दिवसांत एक रंगारी शेळी घेऊन आला. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. भावाच्या घराचे छप्पर लिंपून देईन, अशी शपथ त्याने घेतली होती आणि तो ती साफ विसरला होता. आठवले तेव्हा भावाची एक भिंत भिजून खाली बसली होती. डोंगराच्या पायथ्याशी एक व्यापारी शेळ्यामेंढ्या विकत असे, त्याच्याकडून त्याने ही शेळी घेतली होती. वृद्ध याजकाने तिचे तोंड ओंजळीत धरले, पाठीवरून, पायांवरून बोटे फिरवली आणि तो म्हणाला, “निर्दोष.”

शेळीचे दावे शिष्याच्या हातात होते. शेळीच्या डाव्या डोळ्यात मसुरीच्या डाळीएवढे पांढरे फूल त्याला स्वच्छ दिसत होते. त्याने गुरूकडे पाहिले, शेळीकडे पाहिले आणि तो गप्प राहिला.

वध झाला. रंगारी हलका होऊन डोंगर उतरू लागला. उतरता उतरता तो गाऊ लागला आणि ते गाणे बराच वेळ वर ऐकू येत राहिले. त्याचे अर्पण फुकट गेले आहे, पाप जसेच्या तसे त्याच्या डोक्यावर आहे, हे त्या डोंगरावर एकट्या शिष्याला माहीत होते. त्याला रंगाऱ्याची दया आली. पण दया आली म्हणून त्याने हाक काही मारली नाही.

त्याच संध्याकाळी तो व्यापारी तेलाचा घडा घेऊन वर आला आणि वृद्ध याजकाने तो ठेवून घेतला. झाले. शिष्याच्या डोक्यात शेळीचा डोळा आणि तेलाचा घडा शेजारी शेजारी जाऊन बसले. पाणी कुठे मुरते आहे ते आपल्याला कळले, असे त्याने ठरवून टाकले.

संशयाचे एक बरे असते, त्याला उपास घडत नाही. समोर येईल ते त्याला पचते. पूर्वी गुरू धर्मशास्त्राची गुंडाळी स्वतः वाचत, आता ते म्हणत, “तू वाच, मी ऐकतो.” शिष्य मनात म्हणे, पापी माणसाला शास्त्र डोळ्यांपुढे नकोच वाटणार. व्यापारी पायऱ्यांवर गुरूचा हात धरून त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटे. ते काय असणार हे तर उघडच होते. गुरू हल्ली सावकाश चालत, म्हणजे मनावर ओझे आहे. एकदा त्यांनी सहज विचारले, “दिवे मंद जळतात का रे?” यावर तर शिष्याला हसू आले. लाच म्हणून आलेल्या तेलाचा हिशेब कसा सफाईने बसवताहेत, असे त्याला वाटले.

त्यानंतर फाटक्या कानाचा एक मेंढा निर्दोष ठरला, आणि मागचा पाय ओढणारी एक मेंढीही. शिष्य पाहत होता आणि गप्प होता. पूर्ण खात्री होऊ दे, असे तो स्वतःला बजावत असे. सणाच्या दिवशी साऱ्या वडीलधाऱ्यांसमोर उभे राहून काय बोलायचे, याची तो अंथरुणावर पडल्या पडल्या तयारी करी. त्यातले एक वाक्य त्याला इतके आवडले होते की ते तो पुन्हा पुन्हा घोळवी आणि तेवढ्यात त्याला गाढ झोप लागे.

पुढे एके दिवशी एक मेंढपाळीण दोन शेळ्या घेऊन आली. वृद्ध याजकाने जवळची शेळी धरली, नेहमीसारखी बोटे फिरवली आणि तो म्हणाला, “निर्दोष.”

बाई गोंधळली. “बाबा, ही नाही. हिच्या डोळ्यात फूल आहे. हिला एकटीला घरी ठेवलं की ओरडते, म्हणून बरोबर आणली. अर्पणाची ती पलीकडची.”

वृद्ध याजकाने शेळीचे तोंड उन्हाकडे वळवले आणि आपला चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग म्हणाला, “आज काही होणार नाही, बाई. उद्या ये.” आणि भिंतीला हात लावत लावत तो आत गेला. चोरी पकडली गेली की पाय असेच लटपटतात, असे शिष्याच्या मनाने लगेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी वृद्ध याजकाने आपल्या कळपातला एक तरुण गोऱ्हा अंगणात आणवला. बातमी पसरली आणि लोक धावत आले. सामान्य माणसाच्या पापाला शेळी पुरे. गोऱ्हा लागतो तो अभिषेक झालेल्या याजकाच्या स्वतःच्या पापाला, कारण त्याचे पाप त्याच्या एकट्याचे राहत नाही, सगळ्या लोकांच्या माथी बसते. बाबांनी असे केले तरी काय, म्हणून जो तो कुजबुजू लागला. शिष्य मात्र चरफडत होता. आपण तोंड उघडायच्या आत म्हातारा गोऱ्ह्याच्या रक्तात हात धुऊन मोकळा होणार आणि आपले ते सुंदर वाक्य मनातच राहणार, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला.

“ये, तू तपास,” गुरू त्याला म्हणाले.

त्याने तपासले. दात, खूर, कान, डोळे, काही म्हणजे काही सोडले नाही. दोष सापडावा अशी त्याची मनापासून इच्छा होती. शेवटी त्याला म्हणावे लागले, “निर्दोष.”

वृद्ध याजकाने गोऱ्ह्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे तो बोलू लागला. “माझी दृष्टी गेली आहे. खुडणीच्या आधीपासून जात होती. दिवे मंद झालेत, दिवस लवकर मावळतो, असं मी स्वतःला सांगत राहिलो. जेवढं कळत होतं, तेवढंही मी कळून घेतलं नाही. तुमची सदोष जनावरं मी निर्दोष म्हणून वेदीवर चढवली. खुडणीपासून ज्यांनी अर्पण केलं, त्या सगळ्यांनी पुन्हा या. जनावर माझ्या कळपातून घ्या. ज्याला दिसत नाही त्यानं वेदीपाशी जायचं नसतं, म्हणून आजचं रक्तही हा माझा शिष्य आत नेईल.”

गर्दीतून व्यापारी पुढे आला. तो म्हणाला, “दिवे मंद जळतात म्हणाले, म्हणून मी जास्तीचं तेल आणत होतो. पायरीवर पाऊल चुकायचं, म्हणून हात धरायचो. आता पायरी आली, आता संपली, एवढंच सांगायचो. आणि जनावरात खोट असली तर बाबा परत पाठवतील, मी बदलून देईन, नेहमीसारखं, असं धरून चालायचो. परत आलं नाही तेव्हा मला वाटलं, चाललं असेल.”

शिष्याच्या पायाखालची जमीन सरकली. तरी त्याने विधी पार पाडला. पडद्यापुढे रक्त शिंपडले, आतल्या धूपवेदीच्या कोपऱ्यांवरच्या शिंगांना लावले, चरबी अग्नीला दिली. मग गुरूंनी गोऱ्ह्याचे मांस, कातडे, डोके, पाय, आतडी, सगळे गाडीवर घालायला लावले आणि ते म्हणाले, “तू एकटाच माझ्याबरोबर चल.”

संशय इतक्या सहजी बसलेली जागा सोडत नाही. एकटाच का, असा प्रश्न शिष्याला पडलाच. एवढ्या मोठ्या गोऱ्ह्याचे कातडे, एवढे कोवळे मांस. वाटेत कुठेतरी गाडी वळणार, असे वाटून तो रस्ताभर गुरूच्या हाताकडे पाहत चालला. गाडी कुठेच वळली नाही. वेशीबाहेर जिथे वेदीची राख टाकत तिथे ती थांबली. वृद्ध याजकाने चाचपडत लाकडे रचली आणि सारे त्यावर ठेवले. शेवटी कातडेही ठेवले आणि आग लावली.

भाजणाऱ्या मांसाचा वास पसरला. शिष्य सकाळपासून उपाशी होता. न राहवून तो म्हणाला, “गुरुजी, त्या रंगाऱ्याच्या शेळीचं मांस आपण खाल्लं. मग हे का नाही?”

गुरूंनी उलट विचारले, “माझ्या डोळ्यांचं तुला केव्हापासून ठाऊक होतं?”

“डोळ्यांचं नव्हतं ठाऊक,” शिष्य अडखळला. “जनावरं सदोष आहेत हे दिसत होतं. खुडणीपासून. मला वाटलं, तुम्ही व्यापाऱ्याकडून काही घेता.”

“मग बोलला का नाहीस?”

शिष्य खाली पाहू लागला. खात्री व्हायची होती, हे उत्तर त्याच्या ओठांवर येऊन परत गेले, कारण खात्री तर त्याला पहिल्याच दिवशी झाली होती.

वृद्ध याजक आगीकडे तोंड करून म्हणाला, “दुसऱ्याच्या पापासाठी मारलेल्या जनावराचं मांस आपल्याला खायला मिळतं, आणि ते चविष्ट असतं. म्हणून शास्त्र सांगतं, याजकाच्या स्वतःच्या पापाचा घासही कुणी घ्यायचा नाही. कातड्यासकट सगळं जाळायचं. नाहीतर आपणच पाप करू आणि आपणच त्यावर जेवू. अरे, खुडणीपासून तू माझ्या पापावर जेवतो आहेस. रोज, ताजं ताजं. पानावरून उठायला तुझं मन होत नव्हतं, म्हणून तू बोलला नाहीस. मी आंधळा म्हणून चुकलो. तू तर पाहत होतास. ज्यानं पाहिलं आणि सांगितलं नाही, त्याच्यासाठीही शास्त्रात अर्पण आहे. एक मेंढी लागते.”

कातडे राख होईपर्यंत दोघे तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याने आपली एकुलती एक मेंढी अंगणात आणली. आदल्या दिवशी गोऱ्ह्यामुळे अर्पण राहून गेलेली ती मेंढपाळीणही आपली शेळी घेऊन पुन्हा आली होती. तो तिला म्हणाला, “बाई, हिला जरा तुम्ही तपासा. माझ्या नजरेवर माझा भरवसा राहिलेला नाही.” तिने नीट पाहून होकार दिला. मग मेंढीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने आपले पाप मोठ्याने सांगितले. विधी झाल्यावर सारे मांस आणि कातडे टोपलीत भरून तो वेशीकडे निघाला.

वाटेत त्याला रंगारी भेटला. पुन्हा अर्पण करायचे आहे असा निरोप त्याला पोचला होता. टोपलीकडे पाहून त्याने विचारले, “हे कुणाचं पापार्पण?”

“माझं,” शिष्य म्हणाला. “त्या दिवशी तुमच्या शेळीच्या डोळ्यात फूल होतं. मला दिसलं होतं. मी बोललो नाही.”

रंगाऱ्याने आपल्या निळ्या हातांकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, “मी तर गात गात घरी गेलो होतो.”

“हो,” शिष्य म्हणाला. “मी ऐकत होतो.”

रंगारी वर निघून गेला. शिष्याने राखेच्या ढिगाशी आग पेटवली. मांसाचा वास सुटला आणि त्याच्या तोंडाला पाणीही सुटले. तरी सगळे जळून जाईपर्यंत तो तिथून हलला नाही.

दुसऱ्याचा दोष दिसला की आपण तो त्याला सांगतो की चाखत बसतो, हे ज्याचे त्याने पाहावे.