दारावरचा रक्तगट

मृदुलाताई घोरपडे मोटारींच्या शर्यतीत उतरायच्या आणि मी त्यांच्या गाडीचा मिस्त्री. टायर-पेट्रोलचा खर्च उचलणाऱ्यांची नावं गाडीभर चिकटवलेली असायची. सगळ्यांत मोठं नाव पाइपांचे कारखानदार दौलतराव यांचं. तरी दारावर ताईंचं नाव आणि रक्तगट लिहिलेली वीतभर जागा त्यांच्या डोळ्यांत खुपत होती.

शर्यतीच्या आठवडाभर आधी ते गॅरेजमध्ये चारचौघांदेखत म्हणाले, "हे पुसा. कॅमेरा इथंच येतो. पैसा माझा, तर नावही माझंच हवं."

मी म्हणालो, "लगेच पुसतो, साहेब. फक्त तुमचा रक्तगट सांगा, तोही लिहितो. गाडी उलटली की आत कोण आहे ते डॉक्टर इथंच वाचतात. म्हणजे त्या दिवशी आत तुम्हालाच बसावं लागेल."

सगळं गॅरेज हसलं. दौलतराव निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी आपला पैसाही काढून घेतला. गाडी त्या वर्षी धावली नाही, पुढेही नाही.

लोक अजून मला तो किस्सा सांगायला लावतात. ताई आता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. त्या एकदाच म्हणाल्या, "यासीनभाई, उत्तर झकास होतं. पण मी त्यांना हो म्हणणार होते."