लाल फडक्यातल्या पोथ्या

रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट.

एका गावात एक पोथीघर होतं. पूर्वजांनी लिहिलेल्या पोथ्या तिथे लाल फडक्यात करकचून बांधलेल्या असत. सणाला गाव जमे, हळदकुंकू वाही, नमस्कार करी. पोथी उघडणं मात्र पाप!

त्याच गावात सगुणा राही. तिची चिमुरडी लेक दिवसा पाखरासारखी पळे. दिवस मावळला की भिंतीला धडके. अंधार पडला की तिला दिसेचना. वडिलांकडून सगुणा अक्षरं शिकली होती, आणि डोळ्यांच्या दुखण्यावरची पोथी पोथीघरात आहे, हेही त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. ‘पण मी कोण एवढी शहाणी लागून गेले?’ असं म्हणत ती रोज दारापर्यंत जाऊन परत येई.

एका संध्याकाळी पोर विहिरीच्या काठावरून पडता पडता वाचली. सगुणा तिला कडेवर घेऊन थेट पोथीघरात शिरली.

“आप्पा, डोळ्यांची पोथी सोडा.”

राखणदार आप्पा दचकले. “पोरी, पोथीपुढे हात जोडायचे असतात!”

“रोज जोडते की. पोरीला दिसतं का त्यानं?”

“दोन अक्षरं काय शिकली, निघाली पोथ्या सोडायला!” दारातून एक म्हातारी फणकारली.

तरी सगुणाने गाठ ओढलीच. फडकं सुटलं आणि आतून भसाभसा माती सांडली. वाळवी! अर्धी पोथी फस्त!

“अगं बाई!” म्हातारीच आधी धावली. “बघता काय आप्पा? सोडा सगळ्या!”

मग काय विचारता! गाव लोटलं. कुणी गाठी सोडी, कुणी पानं झटकी. उरलेल्या पानांवर सगुणाचं बोट भराभरा फिरत होतं. एकदम ती ओरडली, “सापडलं! शेवग्याचा पाला! रोज खायला घालायचा!”

“एवढंच?” म्हातारी म्हणाली. “माझ्या परसात झाड आहे की! पाला शेळ्या खातात!”

त्या दिवसापासून पाल्याची भाजी सुरू झाली. काही आठवडे गेले. एका तिन्हीसांजेला पोर टाळ्या पिटत किंचाळली, “आई, मांजर! ती बघ, काळी!” सगुणा हसता हसता रडली.

गावाने नियमच बदलला. ज्याला हवी त्याने पोथी घरी न्यावी, वाचावी, परत आणावी. तारण नाही, मोल नाही, जातपात नाही. सारख्या हाताळल्या जाणाऱ्या पोथ्यांना वाळवी शिवली नाही, आणि विहीर बांधण्यापासून ताप उतरवण्यापर्यंत गाव काय काय शिकलं!

तात्पर्य: ज्ञान सगळ्यांना मोकळं असेल तरच ते टिकतं, आणि गावालाही तारतं.