मातीची साक्ष

बागेतल्या चिकण मातीत रुतला ट्रॅक्टर, आणि बुडायची वेळ आली रखमाजी माळ्याच्या नोकरीवर!

सोनखेडच्या राजेसाहेबांनी सातासमुद्रापलीकडून एक लाल, बुटका, बागेपुरता ट्रॅक्टर आणवला होता. आपल्या वाढदिवशी गुलाब लावायला राखलेल्या बागेत त्याचा नांगर फिरलाच पाहिजे, असा त्यांचा हुकूम सुटला. नेमकी आठवडाभर पावसाची झोड उठलेली. रखमाजीने हात जोडून सांगितलं, "सरकार, जरा थांबू या." पण वाढदिवस कुणासाठी थांबतो का? झालं! रखमाजीने चालवायला घेतलेला ट्रॅक्टर चार हात गेला, फाळाला मातीचे लगदे चिकटले, चाकं जागच्या जागी गरगरली आणि तो म्हशीसारखी बसकण मारून बसला. शेवटी बैलांनी ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी दरबारात राजेसाहेब कडाडले, "ट्रॅक्टर नवा, नांगर नवा. मग चूक चालवणाऱ्याची, नाहीतर मातीची! मातीला काही कामावरून काढता येत नाही. तेव्हा रखमाजी, उद्यापासून तू येऊ नकोस!"

रखमाजीच्या मागे त्याची मुलगी हौसा उभी होती. नोकरी गेली, की बागेतलं खोपटंही गेलं! ती पुढे झाली.

"सरकार, आरोपी दोन, आणि शिक्षा एकालाच?"

"म्हणजे?"

"मातीचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही!"

राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "असं? मग उद्या मातीला बोलती कर. ती बोलली तर तुझा बाप राहील. नाहीतर दोघंही बोचकं बांधा!"

"मातीला जीभ कुठली गं, पोरी?" दिवाणजी खो खो हसले.

"ऐकायला या की, दिवाणजी!"

घरी आल्यावर रखमाजी डोक्याला हात लावून बसला. "काय करून बसलीस गं हे?"

हौसा मात्र त्याच्या पायांकडे बघत होती. "बाबा, ही माती अजून निघाली नाही?"

"कालपासून घासतोय. सोडायला तयार नाही मेली!"

"मग झालं तर!" हौसा म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

सकाळी ती दरबारात रिकाम्या हातांनी आली.

"कुठाय तुझा साक्षीदार?"

"सरकार, तो अंगाने फार भारी आहे. उचलून आणवेना. आपणच यावं."

सगळा दरबार बागेच्या बांधावर जमला. हौसा म्हणाली, "बांधावरून नीट ऐकू यायचं नाही, सरकार. आवाज बारीक आहे. मधोमध उभं राहावं."

राजेसाहेब पांढरे कोरे बूट घालून ऐटीत आत उतरले. पहिल्या पावलाला बूट दुप्पट झाले. पुढच्या पावलाला हत्तीचे पाय झाले! आणखी एक पाऊल टाकलं मात्र... पचाक! चुळ्ळुक!

"बोलली! बोलली!" हौसाने टाळ्या पिटल्या.

"काय बोलली?" राजेसाहेब पाय उपसत ओरडले. पाय काही हलेना. मदतीला धावलेले दिवाणजीही वाटेतच खांबासारखे रोवले गेले.

"ती म्हणते, मी ओली असताना जो अंगावर येईल, त्याला मी सोडत नाही. मग तो ट्रॅक्टर असो, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर ट्रॅक्टरचे मालक!"

बांधावर कुणीतरी फिसकन हसलं.

"मग नांगरायचं तरी कधी हिला?"

हौसाने मुठीत मातीचा गोळा वळला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. तो थापटलेल्या शेणीसारखा चपटा झाला. "असा झाला तर थांबायचं. टणक राहिला, तर उशीर झाला. पडताच भुसभुशीत फुटला, की वाफसा आला. मग ट्रॅक्टर लोण्यातून चालल्यासारखा चालतो!"

"अस्सं! म्हणजे रखमाजी निर्दोष. मातीही निर्दोष. मग दोषी कोण?"

"मुहूर्त, सरकार!"

"आणि तो काढला कोणी?"

हौसाने मान खाली घातली. "ते मी लहान तोंडी कसं सांगू? सरकारांच्या बुटांना विचारावं. ते आता मातीच्याच बाजूने आहेत!"

राजेसाहेबांनी खाली पाहिलं. आधी गाल फुगले, मग मिशा थरथरल्या, आणि ते इतक्या जोरात हसले, की पाय बुटातून सटकला आणि स्वारी धप्पकन खाली बसली!

"रखमाजीची नोकरी कायम!" ते बसल्या बसल्याच गरजले. "खोपटाच्या जागी पक्कं घर बांधून द्या! आणि ट्रॅक्टर सुरू करायचं हँडल या पोरीच्या ताब्यात. ही म्हणेल तेव्हाच नांगर चालेल!"

"आणि सरकारांनीच घाई केली तर?"

"तर आम्हाला पुन्हा साक्ष ऐकायला पाठव!" राजेसाहेब म्हणाले, आणि मातीने माखलेल्या हातांनी पोट धरून पुन्हा हसत सुटले.