चवीपुरतं मीठ

“…मग दोन शब्द लिहून द्यायला हरकत काय आहे, बुवा?”

मुरलीधरने पुन्हा विचारलं.

वडजाईच्या जत्रेत, देवळाच्या पायऱ्यांखाली त्याने स्टॉल मांडला होता. एकच पुस्तक, देवीच्या नैवेद्याच्या पदार्थांचं. मोहनगिरबुवांनी मठाच्या मुदपाकखान्यात जन्मभर हा नैवेद्य रांधला. मुरलीधर त्यांच्याच हाताखाली शिकला आणि त्याने तो लिहून काढला. पहिल्या पानावर बुवांचा आशीर्वाद आला, की आपणच त्यांच्या हाताचे वारस ठरू, असं तो आजूबाजूच्या दुकानदारांना सकाळपासून सांगत होता.

बुवांनी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं.

“सगळं बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक खाली ठेवलं.

“मग?”

बुवांनी शेजारची झोळी मांडीवर ओढली.

तेवढ्यात एक बाई आली. सासू वैशाखात वारली होती. यंदाचा नैवेद्य पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हातचा. कटाच्या आमटीचं पान काढून तिने वाचलं, आणि ती घुटमळली.

“इथं लिहिलंय, मीठ चवीपुरतं. पण दादा, नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नसतो ना? मग चव कळायची कशी?”

शेजारचा बांगडीवाला हसला. “सांगा, लेखकराव.”

मुरलीधरने पान पाहिलं. मठात इतकी वर्षं त्याने न चाखताच मीठ घातलं होतं.

“अंदाजाने,” तो म्हणाला.

“अंदाज सासूबाईंना होता.” बाईने पुस्तक परत ढिगावर ठेवलं.

बुवांनी झोळीतून भाकरीसोबतची मिठाची पुरचुंडी काढून सोडली. डाळ किती घेतेस, म्हणून तिला विचारलं. तिने ओंजळ करून दाखवली.

“तेवढ्याला लागेल असं वाटतं तेवढं मीठ घे.”

तिने घेतलं. बुवांनी तिच्या तळहाताकडे पाहिलं.

“अजून.”

तिने घेतलं.

“थोडं परत ठेव… हां. आता मूठ मीट.”

ती मूठ मिटून जरा वेळ तशीच उभी राहिली… मग दुसऱ्या हाताने पैसे काढले, पुस्तक काखेत घेतलं आणि गर्दीत शिरली. मूठ तिने उघडली नाही.

मुरलीधर आता आपल्याच उजव्या हाताकडे पाहत होता. मुदपाकखान्यात पाऊल टाकलं त्या दिवशी बुवांनी त्यालाही असंच मीठ उचलायला लावलं होतं.

“हे लिहायचं राहिलं,” तो हळूच म्हणाला. “आणि पुस्तकं तर छापून झाली… स्टॉल आवरू का, बुवा?”

बुवा उठले. झोळी खांद्याला लावली. पुरचुंडी मात्र पुस्तकांशेजारी उघडीच राहू दिली.

“वीक की,” ते म्हणाले. “पण पुस्तक देण्याआधी हात पुढे करायला सांग.”