मिटल्या मुठीचा राजा

एका राज्यात, जिथे डोंगर उत्तरेकडे तोंड करून बसतात आणि थंडीतला सूर्य घाईच्या पाहुण्यासारखा येऊन जातो, तिथे तुषारकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा न्यायी होता, शूर होता, आणि आता म्हातारा झाला होता. त्याची उजवी मूठ मिटलेली होती. तरुणपणी जी मिटली ती पुन्हा उघडली नव्हती. डाव्या हाताने तो जेवी, डाव्या हाताने तलवार पेली. पावसाळ्यात उजवा तळहात खाजू लागे, आणि त्या खाजेपुढे मात्र राजाचे काही चालत नसे.

त्या मुठीत खजिन्याची किल्ली होती. तिची हकीकत अशी. राजाचे आजोबा अग्निकेतू यांच्या काळी मोठा दुष्काळ पडला. तेव्हा डोंगराच्या पोटात राहणाऱ्या हिवाईने, थंडीच्या त्या म्हाताऱ्या मालकिणीने, अग्निकेतूला एक तळघर भरून धन दिले, त्याची किल्ली हातात ठेवली आणि अट घातली, "केस पांढरे झाले की हे स्वतःच्या हाताने वाटून टाक आणि गादीवरून ऊठ." दुष्काळ सरला. केस पांढरे झाले. अग्निकेतूने केसांना कलप लावला. हिवाई आली, तिने कलपाकडे पाहिले आणि म्हणाली, "मूठ सोडवत नाही ना? मग राहू दे मिटलेली."

तेव्हापासून राज्यात तोच कायदा झाला. राजा मेला की मूठ उघडे, किल्ली खाली पडे. जो ती उचली तो राजा, आणि त्याची मूठ मिटे. किल्ली मुठीत अडकलेली, म्हणून खजिना कोणी उघडू शकत नसे. दारावर घण घातला तर तो पाण्यात पडल्यासारखा बुडे. तुषारकेतूचा बाप वारला तेव्हा त्याच्या उशाशी दोघे भाऊ किल्लीवर झडपले होते. तुषारकेतू चपळ ठरला. थोरला भाऊ त्याच पावली राज्य सोडून गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

आता राजाला वानप्रस्थ हवा होता. दक्षिणेच्या उतारावर सफरचंदांची बाग होती, बागेत एक झोपडी होती. तिथे बसून मधमाश्या पाळाव्यात, एवढीच त्याची इच्छा. पण मूठ मिटलेली असता वानप्रस्थ कसला? त्याला दोन मुले होती. थोरली सोमप्रभा, धाकटा नीलकेतू. वसंतात राजा आजारी पडला तेव्हा दोघेही पाळीपाळीने त्याच्या उशाशी बसली. राजाने डोळे किलकिले करून पाहिले, तर दोघांचीही नजर त्याच्या मुठीवर होती. राजा मनात म्हणाला, 'माझीच पिले. माझ्यासारखीच झडपतील.' त्या दिवसापासून त्याला झोप लागेना.

अशात पानगळ सरत आली. त्या राज्यात पानगळीचा शेवटचा दिवस मोठा. त्या दिवशी गुरे उंच कुरणांवरून खाली येत आणि दोन शेकोट्यांच्या मधून गोठ्यात जात. घरोघर चुली विझवीत आणि टेकडीवरच्या नव्या जाळाचा विस्तव घरी आणीत. संध्याकाळच्या पंगतीत एक पान मृतांसाठी मांडीत, कारण त्या दिवशी डोंगराचे दार उघडे असते आणि सांजेला गेलेली माणसे घर पाहायला येतात. आणि पंगतीसाठी पोसलेले हंस कापीत.

त्या सकाळी राजा मुदपाकखान्याच्या अंगणात आला. तिथे एक करडी कलहंसी पाय बांधून ठेवली होती. ती म्हणाली, "महाराज, माझे दोर सोडा. मी तुम्हाला हिवाईच्या दारी नेते."

राजाने विचारले, "तुला काय ठाऊक मला कुठे जायचे ते?"

"रोज या अंगणात येता आणि बागेकडे पाहता. आम्ही दक्षिणेला जाणारी पाखरे. जायची ओढ आम्हाला ओळखता येते."

राजाने दोर कापले. प्रधानाला एवढेच सांगितले, "मी डोंगरावर जातो." आणि कलहंसीच्या मागोमाग तो चालू लागला.

डोंगराचे दार उघडेच होते. आत हिवाई बसली होती. अंगावर मेंढीचे कातडे, केस कापसासारखे. तिच्यापुढे तिची बहीण उन्हाई उभी होती. उन्हाईने हातातली काठी हिवाईला दिली, तिच्या कपाळावर कपाळ टेकले आणि आतल्या दालनात जाऊन निजली. हिवाईने काठी टेकली. बाहेर वारा फिरला.

राजा म्हणाला, "हे दरसाल असेच होते?"

"असेच. ती देते, मी घेते. वसंतात मी देते, ती घेते. तू कशाला आलास?"

"मूठ सोडवायला."

"तीन कामे कर. शेतातली शेवटची पेंढी मला आणून दे, तिला विळा लागता कामा नये. मग आपल्या वाड्यातला विस्तव आपल्या हाताने विझव. आणि सांजेला मृतांच्या पानावर बसून जेव. कोणी विचारल्यावाचून बोलायचे नाही."

राजा शेतात उतरला. जवाचे शेत कापून झाले होते, मधोमध एक झुबका तेवढा उभा होता. शेवटच्या पेंढीत धान्याचा जीव असतो. तो आपल्या हातून कापला जाऊ नये म्हणून कापणारी माणसे डोळे मिटून लांबून विळे फेकीत. राजाने त्यांना थांबविले आणि डाव्या हाताने झुबका उपटू लागला. जव हलेना. शेजारी एक कापणारीण उभी होती, गोमा नावाची. राजाने उभ्या आयुष्यात कोणाकडे मदत मागितली नव्हती. तो म्हणाला, "बाई, माझा एक हात कामाचा नाही. जरा जोर लाव." गोमाने पदर खोचला, दोघांनी मिळून झुबका मुळासकट उपटला. तिने त्याची बाहुली बांधली आणि राजाच्या काखेत दिली. म्हणाली, "महाराज, मघाच बोलला असता तर मघाच निघाली असती." राजाने ती बाहुली नेऊन हिवाईच्या मांडीवर ठेवली.

मग तो मागच्या दाराने वाड्यात आला; सारे शेकोट्यांपाशी गुरे पाहायला गेले होते. साऱ्या राज्यातल्या चुली त्या दिवशी विझत, पण राजवाड्यातला विस्तव अग्निकेतूच्या काळापासून विझला नव्हता. तो विझला तर वंश विझेल असे सारे मानीत. राजाने पाण्याची घागर उचलली. तेव्हा विस्तव त्याच्या बापाच्या आवाजात बोलला.

"बाळ, मी विझलो तर तू कोण उरशील?"

राजा घागर घेऊन तसाच उभा राहिला. अखेर तो म्हणाला, "थकलेला माणूस." आणि त्याने पाणी ओतले. धूर वर गेला, दगड थंड झाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या दालनात गारठा शिरला. राजाला भीती वाटली. मग तो राखेजवळ बसला, आणि आता जळते ठेवायचे काही नाही म्हणून त्याला जरा बरेही वाटले. तो निघून गेल्यावर दासी आल्या आणि राख पाहून मडकी घेऊन टेकडीवर नवा विस्तव आणायला गेल्या.

सांज झाली. पंगत बसली. राजाने डोक्यावरून घोंगडी घेतली आणि दाराजवळच्या मृतांच्या पानावर जाऊन बसला. त्या पानावर बसलेल्याचे तोंड पाहायचे नाही अशी रीत. तेव्हा कोणी पाहिले नाही. सोमप्रभेने खाली मान घालून वाढले.

प्रधान म्हणाला, "महाराज पेंढी घेऊन पुन्हा डोंगरावर गेले ते परतले नाहीत, आणि वाड्यातला विस्तवही विझला. तिथली वाट निसरडी आहे. काही बरेवाईट झाले असेल, तर किल्ली कोणी उचलायची ते आज ठरलेले बरे."

"मी उचलीन," सोमप्रभा म्हणाली.

"नाही. मी," नीलकेतू म्हणाला.

घोंगडीखाली राजाने डोळे मिटले. हेच ऐकावे लागणार हे त्याला ठाऊक होते.

सोमप्रभा भावाला म्हणाली, "तुला उत्तरेच्या तळ्यावर होड्या बांधायच्या आहेत. लहानपणापासून दुसरे काही तू बोललेला नाहीस. एका हाताने होडी बांधता येते का?"

"आणि तुझा माग, ताई? एका हाताने धोटा फेकता येतो? राज्य तूच चालव. लोक तुझे ऐकतात, कुरणांचे तंटे तूच मिटवतेस. पण मूठ माझी मिटू दे. राजा म्हणून मला मुजरा करतील, कारभार तू कर."

"म्हणून तू वसंतात तातांच्या उशाशी जागत होतास?"

"तू डुलकी घेशील तेव्हा पुढे व्हायचे म्हणून. आणि तू?"

"मीही त्याचसाठी."

घोंगडीखाली राजाच्या गालांवरून पाणी वाहू लागले. त्याला ओरडून सांगावेसे वाटले, पण हिवाईची अट होती. त्याने ओठ मिटून घेतले. आपण आयुष्यभर या मुलांना स्वतःच्या मापाने मोजले, आणि काय हवे ते एकदाही विचारले नाही, एवढेच त्याच्या मनात फिरत राहिले.

जेवणे झाली. रीतीप्रमाणे घरच्या थोरल्या लेकीने मृतांच्या पानापाशी जाऊन विचारायचे असते. उत्तर कधी येत नाही, तरी विचारायचे. सोमप्रभा गुडघ्यांवर बसली, जमिनीकडे पाहत म्हणाली, "पाहुण्या, तुला काही हवे आहे का?"

"हवे आहे," राजा म्हणाला. "मला उठायचे आहे. माझ्या जागी तू बसशील का?"

आवाज ओळखून सोमप्रभेने वर पाहिले. "तात, तुमच्या मनात असेल तर बसेन."

"माझ्या मनातले बाजूला ठेव. तुला हवे आहे का, ते सांग."

सोमप्रभेने भावाकडे पाहिले. "हवे आहे," ती म्हणाली. "पण नीलकेतूला तळे द्या. आणि तुम्ही फार लांब जाऊ नका."

"बाग जवळच आहे," राजा म्हणाला, आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. उजवा. बोटे तिच्या केसांवर पसरली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आले. किल्ली मांडीवरून घरंगळून जमिनीवर पडली होती.

सारे मागे सरले. नीलकेतू मात्र बहिणीच्या आधी पुढे झाला आणि त्याने किल्ली उचलली. त्याने मूठ मिटली, मूठ उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. मग तो खाली बसून हसू लागला, आणि त्याला पाहून प्रधानही.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून तळघर उघडले. आत सोने होते, लोखंडी नांगर होते, गुरांच्या घंटा होत्या. बियाण्याच्या कणग्याही होत्या, पण त्यांत आता भुसा होता. लोकरीच्या शालींचे ढीग होते. हात लावताच त्यांची धूळ झाली. राजाने चिमूटभर धूळ तळहातावर घेतली. "हे वेळेवर वाटले असते तर कोणाच्या तरी अंगावर असते," एवढेच तो म्हणाला. उरले ते त्याने स्वतःच्या हाताने वाटले. गादी सोमप्रभेला, तळे आणि रान नीलकेतूला, नांगर आणि घंटा गावोगाव. सोन्याचा एक वाटा त्याने बाजूला काढला आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाटसरूंना आपल्या भावाबद्दल विचारीत राहिला. वाटसरूंना काही ठाऊक नव्हते. तो वाटा त्याने शेवटी गोमाच्या गावाला दिला.

मग तुषारकेतू बागेतल्या झोपडीत राहायला गेला. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या निम्म्या मधमाश्या मेल्या. त्याला ते काम येत नव्हते. दुसऱ्या हिवाळ्यात कमी मेल्या. पानगळीच्या शेवटच्या दिवशी सोमप्रभा आपल्या हाताने नवा विस्तव मडक्यात घालून बागेत आणी, तुषारकेतू तिला पोळ्यातला मध देई, आणि दोघे उंबऱ्यावर बसून गुरे खाली उतरताना पाहत.

मिटलेल्या मुठी जशा तिथे सुटल्या, तशा देणाऱ्याच्या हयातीत सगळीकडे सुटोत. सांगणाऱ्याचे सांगून झाले, ऐकणाऱ्यांनी आपापल्या चुलीपाशी जावे.